स्किझोफ्रेनिया : मेंदू जेव्हा समोरचा चेहरा चुकीचा वाचतो



आपण वर्गात पाऊल टाकलं की मुलं सगळ्यात आधी आपला चेहरा बघतात. 'आज बाई खुशीत आहेत' किंवा 'आज सर तापलेत, गप्प बसा' हा निकाल आपण तोंड उघडायच्या आत लागलेला असतो. चेहरा वाचायचा हा धडा कुठल्याच पुस्तकात नसतो. जन्माला येऊन काही तास झालेलं बाळसुद्धा इतर आकृत्यांपेक्षा चेहऱ्यासारख्या आकृतीकडे जास्त बघतं. पुढे आईच्या कपाळावरची आठी, बाबांचं हसू, आजीचे पाणावलेले डोळे यांचे अर्थ ते घरातच शिकतं. हे इतकं सहज होतं की यामागे मेंदूला केवढं काम करावं लागतं, याचा आपल्याला पत्ताही नसतो.

पण काही आजारांत हेच काम बिघडतं. त्यातला एक महत्त्वाचा आजार म्हणजे स्किझोफ्रेनिया. या आजारातले भास आणि संशय लोकांना ऐकून माहीत असतात. समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यात येणारी अडचण मात्र फारशी कुणाला माहीत नसते. आणि घराघरांत रोजचे गैरसमज होतात ते बऱ्याचदा हिच्यामुळे. म्हणून आज आपण ही एकच गोष्ट नीट समजून घेऊ.

आधी थोडं स्किझोफ्रेनियाबद्दल

'स्किझोफ्रेनिया' हा शब्द स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये वापरात आणला. ग्रीक भाषेतल्या 'दुभंगणे' आणि 'मन' या अर्थाच्या शब्दांवरून तो तयार झाला. मराठीत आपण 'छिन्नमनस्कता' म्हणतो. या नावामुळे एक गैरसमज पसरला की एका माणसात दोन माणसं राहतात. सिनेमांनी त्यात भर घातली. पण ब्लॉयलर यांना म्हणायचं होतं ते वेगळं होतं. विचार, भावना आणि वागणं हे एरवी हातात हात घालून चालतात, या आजारात त्यांची ताटातूट होते, असा त्यांचा अर्थ होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात साधारण दर ३०० माणसांमागे एकाला हा आजार असतो. म्हणजे मध्यम आकाराच्या एखाद्या गावातही अशी काही माणसं असणारच. मुलांमध्ये तो बहुधा किशोरवयाच्या शेवटी किंवा विशीच्या सुरुवातीला दिसू लागतो, मुलींमध्ये थोडा उशिरा. दहावी-बारावी, कॉलेज, पहिली नोकरी हाच तो काळ. म्हणून शिक्षक आणि पालक या दोघांनीही याची माहिती ठेवायला हवी.

लक्षणांचे साधारण तीन गट करता येतात. पहिल्या गटात नसलेल्या गोष्टी जाणवतात. कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात, लोक आपल्या वाईटावर टपले आहेत असं ठाम वाटतं. दुसऱ्या गटात असलेल्या गोष्टी कमी होतात. उत्साह, बोलणं, चेहऱ्यावरचे हावभाव, लोकांत मिसळणं हे सगळं आटतं. तिसरा गट विचारप्रक्रियेचा. लक्ष देणं, लक्षात ठेवणं, आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घेणं जड जातं. चेहऱ्यावरचे भाव ओळखणं हे या तिसऱ्या गटात येतं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा 'देवराई' हा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात अतुल कुलकर्णी यांनी या आजाराचा रुग्ण साकारला आहे. हा आजार एका माणसाचा न राहता सगळ्या घराचा कसा होतो, हे समजण्यासाठी तो जरूर बघावा.

निरोगी मेंदू चेहरा कसा वाचतो?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी १९६० च्या दशकात पापुआ न्यू गिनीच्या दुर्गम भागात जाऊन तिथल्या लोकांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले. बाहेरच्या जगाशी फारसा संबंध न आलेल्या या लोकांनाही त्यातले बरेचसे भाव ओळखता आले. त्यांच्या कामातून सहा मूलभूत भावांची यादी रूढ झाली : आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य आणि किळस. गंमत म्हणजे भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ स्थायीभावांत हास, शोक, क्रोध, भय, विस्मय आणि जुगुप्सा हे सहा आहेतच. सगळ्या संस्कृतींत भाव अगदी सारखेच वाचले जातात का, यावर आजही वाद आहे. पण ही सहा भावांची यादी संशोधनात सर्रास वापरली जाते.

आता मेंदूच्या आत बघू. डोळ्यांतून आलेलं चित्र आधी मेंदूच्या मागच्या भागात, दृष्टीच्या केंद्रात पोचतं. तिथून पुढे काम वाटून घेतलं जातं.

१. हा चेहरा आहे, हे ओळखणं. मेंदूच्या खालच्या बाजूला फ्युसिफॉर्म नावाची एक वळी असते. तिचा एक भाग इतर वस्तूंपेक्षा चेहरा दिसला की जास्त सक्रिय होतो, हे नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं.

२. हालचाल टिपणं. कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या एका खाचेतला भाग डोळे कुठे वळले, ओठ कसे हलले, भुवया किती उंचावल्या हे टिपतो.

३. हे माझ्यासाठी महत्त्वाचं आहे का, हे ठरवणं. हे काम प्रामुख्याने अमिग्डालाचं. हा बदामाच्या आकाराचा छोटासा भाग आहे आणि त्याचं नावही बदामासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरूनच आलंय. धोका, भीती, महत्त्वाची खूण दिसली की तो बाकी मेंदूला जागं करतो.

४. संदर्भ लावणं. कपाळामागचा मेंदू विचार करतो : 'सर रागावलेले दिसतायत, पण ते बहुतेक फोनवरच्या बोलण्यामुळे. माझ्यावर नाही.'

हे सगळं किती वेगाने होतं? डोक्यावर तारा लावून मेंदूतले विद्युत संदेश मोजले, तर चेहरा दिसल्यावर साधारण १७० मिलिसेकंदांनी एक ठळक लाट उठलेली दिसते. म्हणजे पापणी लवायच्या आत 'हा चेहरा आहे' ही नोंद झालेली असते.

स्किझोफ्रेनियात काय बदलतं?

हा प्रश्न बऱ्याच वर्षांपासून अभ्यासला जातोय. ख्रिश्चन कोहलर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये असे ८६ अभ्यास एकत्र करून त्यांचा आढावा घेतला. १९७० ते २००७ या काळातले हे अभ्यास होते. त्यांना दिसलेला फरक किरकोळ नव्हता. सोप्या भाषेत सांगायचं तर, भाव ओळखण्याच्या चाचणीत आजार असलेल्या सरासरी व्यक्तीचे गुण १०० निरोगी माणसांपैकी साधारण ८० जणांपेक्षा कमी पडतात. तरीही हा सरासरीचा हिशोब आहे, हे विसरू नका. काही रुग्ण चेहरे उत्तम ओळखतात, काहींना फार त्रास होतो.

या अभ्यासांतून दिसणाऱ्या तीन गोष्टी पालकांनी मुद्दाम ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, सगळे भाव सारखेच अवघड जात नाहीत. हसरा चेहरा बहुतेकांना ओळखता येतो. भीती, दुःख, राग, किळस असे नकोसे भाव ओळखताना जास्त गोंधळ होतो.

दुसरी गोष्ट, भाव जितका हलका तितकी अडचण जास्त. नाटकातल्यासारखा ठसठशीत राग कळतो, पण ओठांच्या कोपऱ्यातली किंचित नाराजी निसटते. आणि घरात तर आपण सगळे हलक्या भावांतच बोलत असतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ज्या चेहऱ्यावर काहीच भाव नाही, त्यावरही नकारात्मक भाव दिसतो. निर्विकार चेहरा बघून 'हा माझ्यावर चिडलाय', 'हिला माझा तिटकारा आलाय' असं वाटण्याचं प्रमाण या आजारात जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत आढळलं आहे.

हा त्रास फक्त आजार जुना झाल्यावर होतो असंही नाही. आजाराचा पहिलाच झटका आलेल्या तरुणांतही तो दिसतो. भास-संशय औषधांनी आटोक्यात आल्यावरही तो बऱ्याच जणांत मागे राहतो. आवाजाच्या चढ-उतारावरून भाव ओळखायलाही अशीच अडचण येते. म्हणून 'अरे, मी गमतीनं म्हटलं होतं' हे वाक्य अशा घरांत वारंवार ऐकू येतं.

मेंदूत नेमकं कुठे अडतं?

एकाच ठिकाणी नाही. वाटेत तीन-चार जागी थोडंथोडं अडतं.

*नजर कुठे पडते :* डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्राने पाहिलं तर निरोगी माणसाची नजर समोरच्याच्या डोळ्यांवरून तोंडाकडे आणि परत डोळ्यांकडे अशी फिरत असते. स्किझोफ्रेनिया असलेल्या अनेकांची नजर कमी फिरते. डोळे, नाक, तोंड या अर्थपूर्ण जागांवर ती कमी वेळ थांबते. प्रश्नपत्रिकेचं अर्धं पानच वाचलं, तर उत्तर चुकणारच!

*पहिली नोंद :* १७० मिलिसेकंदांची जी लाट वर सांगितली, ती या आजारात अनेकदा लहान आढळते. म्हणजे भाव ओळखायच्या आधीच्या पायरीवर, चेहऱ्याची प्रतिमा नीट जुळवण्यातच काहीतरी कमी पडतंय.

*अमिग्डालाचा प्रतिसाद :* पूर्वी वाटायचं की या आजारात अमिग्डाला थंड पडतो. नंतर बारकाईने पाहिल्यावर वेगळं चित्र पुढे आलं. घाबरवणाऱ्या चेहऱ्याला मिळणारा प्रतिसाद फारसा कमी नसतो, पण साध्या, निर्विकार चेहऱ्यालाही तो जास्त मिळतो. त्यामुळे दोन्हींतला फरक पुसट होतो. शाळेची घंटा दिवसभर अधूनमधून उगाचच वाजत राहिली, तर मधल्या सुट्टीची खरी घंटा कोणती हे मुलांना कळेल का? तसंच काहीसं इथे होतं.

*डोपामिन :* 'या गोष्टीकडे लक्ष दे, ही महत्त्वाची आहे' असा शिक्का मारण्याच्या कामात डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा असतो. मूळचे भारतीय असलेले मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ मध्ये एक विचार मांडला. या आजाराच्या तीव्र अवस्थेत डोपामिन नको तिथे हा शिक्का मारत सुटतं, असं त्यांचं म्हणणं. मग बसमध्ये सहज वळून बघणारा अनोळखी माणूससुद्धा फार महत्त्वाचा वाटू लागतो. मन त्याचं कारण शोधतं : 'तो माझ्या मागावर आहे.' संशय असा उभा राहू शकतो.

*पूर्वानुभवाची मदत :* जत्रेत मिळणारा मुखवटा उलटा करून आतली खोलगट बाजू थोड्या अंतरावरून बघा. गणपतीच्या साच्याच्या आतल्या बाजूनेही हे करून बघता येईल. खोलगट असूनही तो चेहरा आपल्याला फुगीर, नेहमीसारखाच दिसतो. कारण 'चेहरा बाहेर आलेला असतो' हा मेंदूचा जुना अनुभव डोळ्यांवर मात करतो. स्किझोफ्रेनिया असलेल्या अनेकांना मात्र तो खोलगटच दिसतो! २००९ मध्ये जर्मनी आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी हा प्रयोग मेंदूचं स्कॅन करत केला. अनुभवाकडून येणारा संदेश आणि डोळ्यांकडून येणारा संदेश यांचा मेळ या आजारात वेगळ्या पद्धतीने बसतो, असं त्यातून दिसलं. मुखवट्याच्या बाबतीत त्यांचं उत्तर अधिक बरोबर ठरतं, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. असा मेंदू कमी बुद्धीचा नसतो. तो वेगळ्या रीतीने काम करत असतो.

घरात हे कसं दिसतं?

एक उदाहरण घेऊ. समजा, आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडतेय. खडे शोधताना कपाळाला आठ्या पडल्यात. मुलगा दारात येऊन उभा राहतो.

"आई, तू माझ्यावर चिडलीस का?"

"नाही रे बाबा. मी कशाला चिडू?" आई वर न बघताच म्हणते.

पाच मिनिटांनी तो परत येतो. "खरं सांग, चिडलीयेस ना?"

"अरे, किती वेळा तेच तेच विचारशील?" आता मात्र आई खरंच वैतागते.

आणि मुलाला वाटतं, 'बघा, मला आधीच कळलं होतं.'

यात आई चुकली का? नाही. मुलगा मुद्दाम छळतोय का? तोही नाही. त्याच्या मेंदूने आठ्यांचा अर्थ राग असा लावला, आणि तो आपल्यापरीने खात्री करून घ्यायला आला होता. हे एकदा घरच्यांना कळलं की 'सारखं काय विचारतो' हा वैताग बराच कमी होतो.

उलटही घडतं. बहीण रडून आलीय, डोळे लाल आहेत, आणि भाऊ शांतपणे विचारतो, "जेवायला काय आहे?" घरच्यांना वाटतं, याला माया उरली नाही. खरं तर तिचं दुःख त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं.

सपाट चेहऱ्यामागेही भावना असतात

आजार असलेल्या व्यक्तीचा स्वतःचा चेहराही बऱ्याचदा भावहीन दिसतो. त्यावरून लोक म्हणतात, 'याला काही वाटतच नाही.' १९९३ मध्ये अ‍ॅन क्रिंग आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना आणि निरोगी लोकांना भावनिक चित्रफिती दाखवल्या. रुग्णांच्या चेहऱ्यावर हावभाव कमी उमटले. पण 'आत काय वाटलं' असं विचारल्यावर त्यांनी सांगितलेल्या भावना निरोगी लोकांपेक्षा कमी नव्हत्या.

म्हणजे अडचण दोन्ही बाजूंनी आहे. त्यांना आपला चेहरा वाचता येत नाही आणि आपल्याला त्यांचा. दोघांमधला चेहऱ्याचा पूल मोडलाय. मग शब्दांचा पूल बांधायला हवा.

आपल्या देशात काय काम झालंय?

परदेशी चेहऱ्यांच्या फोटोंवर आपल्याकडच्या रुग्णांची चाचणी घेणं कितपत योग्य, हा साधा आणि रास्त प्रश्न आहे. बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेतल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये यावर उत्तर काढलं. त्यांनी भारतीय कलाकारांकडून वेगवेगळे भाव करून घेतले आणि त्यांची छायाचित्रं व छोट्या चित्रफिती वापरून 'ट्रेंड्स' नावाची चाचणी तयार केली. कलाकारांत तरुण आणि वयस्क, स्त्री आणि पुरुष असे चौघं होते. या चाचणीमुळे आपल्याकडचे अभ्यास आपल्या चेहऱ्यांवर होऊ लागले, आणि ही अडचण भारतीय रुग्णांतही असल्याचं दिसून आलं.

यात सुधारणा होते का?

होते. पण कशाने किती, हे वेगळं करून बघावं लागेल.

औषधांनी भास आणि संशय कमी होतात. ती अत्यंत गरजेची आहेत आणि डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत. मन शांत झालं की चेहरे वाचणंही काही जणांत थोडं सुधारतं. मात्र फक्त गोळ्यांनी हे कौशल्य पूर्ण परत येत नाही.

त्यासाठी सराव लागतो. जर्मनीत वोल्फगांग व्होल्व्हर आणि सहकाऱ्यांनी यासाठी १२ सत्रांचा एक कार्यक्रम तयार केला. भुवया, डोळे, ओठ यांत काय बदललं हे आधी शब्दांत सांगायचं, मग भावाला नाव द्यायचं, मग प्रसंगाशी जोडायचं, असा त्याचा क्रम आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात या सरावाने भाव ओळखणं सुधारलं. अमेरिकेत डेव्हिड पेन आणि सहकाऱ्यांच्या गटकार्यक्रमात आणखी एक गोष्ट शिकवली जाते : घाईने निष्कर्षाला पोचू नका, आधी 'मला काय दिसलं' आणि 'मी काय अंदाज केला' हे वेगळं करा. आपण विज्ञानाच्या तासाला निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक शिकवतो, तेच हे!

नजर योग्य जागी नेली तर किती फरक पडतो, याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ते स्किझोफ्रेनियाचं नाही. अमेरिकेतल्या एका महिलेचे दोन्ही अमिग्डाला दुर्मिळ आजाराने निकामी झाले होते. तिला चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नसे. २००५ मध्ये राल्फ अडॉल्फ्स आणि सहकाऱ्यांना आढळलं की ती समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नाही. 'डोळ्यांकडे बघा' असं सांगितल्यावर तिला भीती नीट ओळखता आली. सूचना बंद झाली की मात्र पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून सराव एकदा करून भागत नाही, तो करत राहावा लागतो.

घरच्यांनी काय करावं?

- मनातलं शब्दांत सांगा. "मी दमलेय, तुझ्यावर रागावलेली नाही." "मला आज वाईट वाटतंय, कारण मावशी आजारी आहे." चेहऱ्यावरून ओळखेल अशी अपेक्षा ठेवू नका.
- पुन्हा विचारलं तर पुन्हा शांतपणे सांगा. काम क्षणभर थांबवून, त्याच्याकडे बघून एकच वाक्य बोललात तरी पुरतं.
- टोमणे आणि तिरकस बोलणं टाळा. "वा, काय दिवे लावलेत!" यातला उपरोध कळला नाही तर तो कौतुक समजेल किंवा नुसताच गोंधळेल.
- एका वेळी एकानेच बोला. चार चेहरे, चार आवाज आणि वर टीव्ही, हे सगळं एकदम झेपत नाही.
- "माझ्या डोळ्यांत बघून बोल" अशी सक्ती नको. भीती वाटत असताना ही सक्ती उलटते. सराव तज्ज्ञांच्या मदतीने करा.
- सतत टीका, चिडचिड आणि अति काळजी, तिन्ही कमी करा. अशा वातावरणात आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

हा शेवटचा मुद्दा वाचून कुणी अपराधी वाटून घेऊ नका. एके काळी आईच्या वागण्याने स्किझोफ्रेनिया होतो असं काही तज्ज्ञ म्हणत. ती कल्पना केव्हाच मोडीत निघाली. आजार घरच्यांमुळे होत नाही. घरच्यांमुळे तो सुसह्य मात्र होऊ शकतो.

शिक्षकांनी काय करावं?

आपण डॉक्टर नाही. वर्गातल्या मुलावर शिक्का मारणं आपलं काम नाही. पण बदल आपल्याला लवकर दिसतो. हुशार मुलगा काही आठवड्यांपासून मागे पडतोय, मित्रांपासून तुटलाय, आंघोळ-कपड्यांकडे लक्ष नाही, झोप उडालीय, सगळे माझ्याकडे बघून हसतात म्हणतोय, एकटाच पुटपुटतोय, असं काही एकत्र दिसलं तर पालकांना एकांतात, आपुलकीने सांगा. चारचौघांत नको. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांच्याशी बोला.

'सगळे माझ्यावर हसतात' असं म्हणणाऱ्या मुलाशी वाद घालू नका आणि होकारही देऊ नका. "तुला तसं वाटतंय म्हणजे तुला त्रास होत असणार. मला मात्र ते तुझ्यावर हसताना दिसले नाहीत" असं म्हणता येतं. त्याची भावना मान्य करायची आणि आपलं निरीक्षण सांगायचं.

आणखी एक. चेहरे नीट वाचता न येणं हे स्वमग्नता, नैराश्य अशा इतरही अवस्थांत दिसतं. काही मुलं मुळातच लाजरी असतात. त्यामुळे एवढ्या एकाच गोष्टीवरून स्किझोफ्रेनियाचा अंदाज बांधणं साफ चुकीचं आहे. निदान मनोविकारतज्ज्ञच करतात.

वर्गात करता येईल असा उपक्रम

आठवी ते बारावीच्या मुलांसाठी हा अर्ध्या तासाचा उपक्रम आहे. वर्तमानपत्रांतले चेहऱ्यांचे फोटो कापून आणायला सांगा.

१. फोटोच्या खालच्या अर्ध्या भागावर कागद ठेवा. फक्त डोळ्यांवरून भाव ओळखायला सांगा.

२. मग वरचा अर्धा भाग झाका आणि फक्त तोंडावरून ओळखायला सांगा. आनंद तोंडावरून पटकन कळतो, भीती मात्र डोळ्यांवरून जास्त कळते, हे मुलांच्या लक्षात येईल. कोरोनाच्या काळात मास्कमुळे आपली झालेली पंचाईतही त्यांना आठवेल.

३. शेवटी तुम्ही स्वतः अगदी निर्विकार चेहरा करून उभे राहा. 'मला आत्ता काय वाटतंय?' हे चिठ्ठीवर लिहायला सांगा. उत्तरं एकमेकांपेक्षा वेगळी येतील. मग मुलांना विचारा, 'खरं उत्तर कळायचा खात्रीचा मार्ग कोणता?' कुणीतरी म्हणेलच, 'तुम्हालाच विचारणं.'

हा उपक्रम करताना कुठल्याही मुलाचं किंवा त्याच्या घरच्यांचं उदाहरण देऊ नका.

मदत कुठे मिळेल?

बाहेरची बाधा, करणी, लग्न लावून दिलं की सुधारेल, या समजुतींत महत्त्वाची वर्षं वाया जातात. उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं माणूस सावरण्याची शक्यता जास्त. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीतही बोलता येतं. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याच्या सेवेची चौकशी करा. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी काम करते. अशा ठिकाणी आपल्यासारखीच माणसं भेटतात, आणि 'हे फक्त आपल्याच घरात घडत नाही' एवढं कळलं तरी मोठा आधार मिळतो.

थोडक्यात

चेहरा हा मनाचा आरसा असतो, असं आपण म्हणतो. स्किझोफ्रेनियात तो आरसा धूसर होतो, आणि कोऱ्या काचेवरही कधीकधी राग दिसतो. ज्याच्या मेंदूत हे घडतं त्याला ते खरंच वाटतं. त्यामुळे 'कळत कसं नाही तुला?' असं विचारण्यापेक्षा आपल्याला काय वाटतंय ते सांगून टाकलेलं बरं. "मी रागावलेली नाही, चल, चहा घेऊ." एवढं वाक्यही अशा घरात पुष्कळ काम करतं.

हा लेख आपल्या शाळेच्या पालकसभेत वाचायला हरकत नाही. कुणाच्या घरी अशी व्यक्ती आहे हे आपल्याला माहीत नसतं. ऐकणाऱ्यांतल्या एखाद्या आईला याचा नक्की उपयोग होईल.